डिग्री एनए आहे का?

जुलैचा पहिला रविवार, संध्याकाळचे सहा. रक्कम दहा हजार रुपये. हजर चौघं: मी, बायको, मुलगी आणि झरीहून आलेले माझे मोठे भाऊ. मी चष्मा आणायला आत गेलो, तेवढ्यात दादांनी मुलीच्या नावाने ऑनलाइन बी.टेक.ची सीट बुक करून टाकली. बाहेर आलो तर त्यांच्या फोनवर पैसे गेल्याचा मेसेज आलेला होता आणि दादा चहा बशीत ओतून घेत होते.

"झालं काम," ते म्हणाले. "तू कागद वाचत बसला असतास आन् सीट गेली असती."

मुलीने सिव्हिलचा डिप्लोमा केला आहे. दोन वर्षांपासून ती पोखर्णीकडच्या एका रस्त्याच्या कामावर कंत्राटदाराकडे नोकरी करत होती. पगार चौदा हजार. तिला सरकारी अभियंत्यांची वरची परीक्षा द्यायची होती आणि त्या जाहिरातीत एकच अट होती: मान्यताप्राप्त विद्यापीठाची अभियांत्रिकी पदवी. डिप्लोमावाल्यांना थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो, पण त्यासाठी नोकरी सोडून तीन वर्षं कॉलेजला जावं लागतं. साइटवर ती एकटीच मुलगी. सोडलं तर परत कोण घेईल, ही तिची भीती. ऑनलाइनची जाहिरात नेमकी त्या भीतीसाठी लिहिलेली होती: नोकरी सांभाळून इंजिनिअर व्हा. फी एक लाख ऐंशी हजार, हप्त्याने.

मी कापसाच्या एका जिनिंगमध्ये हिशोब बघतो. हप्त्याचा शब्द आला की मी आधी एकूण विचारतो, आणि एकूण आलं की त्या बदल्यात काय मिळणार ते. सोमवारी अर्धी रजा टाकून मुलीला घेऊन त्या विद्यापीठाच्या इथल्या ऑफिसात गेलो. खाली झेरॉक्स, वर काचेची केबिन. काउन्सेलर पंचविशीचा, टाय लावलेला, अत्यंत नम्र. आधी पाणी दिलं, मग विद्यापीठाचा मान्यतेचा कागद दाखवला. कागद खरा होता.

"हा विद्यापीठाचा झाला," मी म्हणालो. "कोर्सचा?"

"सर, विद्यापीठच मान्यताप्राप्त आहे म्हटल्यावर..."

"प्रॅक्टिकल कसं असतं?" मुलीने विचारलं.

"व्हर्च्युअल लॅब, मॅडम. थ्रीडी. घरबसल्या."

"ताकद तपासायला काँक्रीटचा क्यूब फोडायचा असतो. साइटवर रोजच करते मी."

"फुटतो ना मॅडम. ॲनिमेशनमध्ये फुटतो."

मी भिंतीवरच्या आयएसओच्या फ्रेमकडे बघत होतो. आमच्या गल्लीतल्या पाण्याच्या जारवाल्याकडेही तशीच फ्रेम आहे. पण त्याच्याकडे पाणी असतं. मग काउन्सेलरने आवाज थोडा खाली आणून सांगितलं, "सर, सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे डिग्रीवर ऑनलाइन असं कुठंच लिहिलेलं नसतं."

मी म्हणालो, "मग तुम्ही एका ओळीत लिहून द्या, की ही पदवी सरकारी अभियंत्याच्या परीक्षेला चालते. खाली सही, शिक्का."

"व्हॉट्सॲप करतो ना सर."

व्हॉट्सॲप आला. त्यात दोन फुलं, एक पदवीधराची टोपी आणि 'ऑल द बेस्ट' होतं. ती ओळ नव्हती. मी चार दिवस आठवण करून दिली. दरवेळी नवीन फूल आलं.

मग मी आणि मुलगी दिल्लीच्या नियामक संस्थांच्या वेबसाइटवर बसलो. ऑनलाइन अभ्यासक्रम चालवायची परवानगी असलेल्या विद्यापीठांची यादी तिथे आहे. आमचं विद्यापीठ त्यात होतं. दादांना हे आधीच फोन करून सांगितलं असतं तर त्यांनी पेढे वाटले असते. पण नावापुढे कोणकोणत्या अभ्यासक्रमांना परवानगी तेही होतं: एमबीए, बीसीए, एमसीए, बी.कॉम. बी.टेक. नव्हतं. आणि वेगळ्या सूचनेत ऑनलाइन किंवा दूरशिक्षणाने शिकवता येणारच नाहीत अशा विषयांची नावं होती. अभियांत्रिकी, वैद्यकीय, नर्सिंग, शेती, असे बरेच.

दादा पुढच्या रविवारी आले तेव्हा मी हे सगळं छापून समोर ठेवलं.

"शेती पण न्हाई?" त्यांनी बोट ठेवलं. "आरं, मी तीन वर्षं झाली फोनवरच शेती करायलोय. सालगडी व्हिडिओ कॉल करतो, मी हिकडून सांगतो."

"आन् म्हणूनच तूर तशी आली," बायको स्वयंपाकघरातून म्हणाली.

दादांनी तिकडे लक्ष दिलं नाही. त्यांनी कागद पुन्हा बघितला आणि अर्थ बरोबर काढला. "म्हंजे गट नंबर खरा, लेआउट मंजूर न्हाई."

दादांचा धंदा प्लॉटिंगचा. शेतजमीन घरासाठी वापरायची तर बिगरशेतीची परवानगी लागते, तिला आमच्याकडे सगळे एनए म्हणतात. ती न काढता एकेक दोनदोन गुंठे बाँडवर विकायचे आणि लोकांनी त्यावर घरं बांधायची, ही गुंठेवारी. दादांनी त्यात बऱ्यापैकी कमावलं.

"बरोबर," मी म्हणालो. "डिग्री एनए नाही."

"मग अडचण काय हाय?" दादा मोकळे झाले. "रेग्युलर होतंच की! गुंठेवारी झाली न्हाई का? आधी म्हणले बेकायदा. मग म्हणले दंड भरा. मग झालं समदं कायदेशीर. तिचं शिक्षण संपस्तोवर सरकार बदलंल, नियम बदलंल. एवढी हजारो पोरं शिकायलीत, त्यायला काय पाण्यात ढकलणार हायत?"

अनुभव त्यांच्या बाजूने होता. काही वर्षांपूर्वी त्यांनी मला झरी रस्त्यालगतचे दोन गुंठे घरच्या भावात देऊ केले होते. मी एनएची ऑर्डर मागितली. मंजूर नकाशा मागितला. दादा म्हणाले, भावाकडं नकाशा मागतोस? मी प्लॉट घेतला नाही. पुढे ती सगळी वसाहत नियमित झाली, नळ आले, आणि आज माझ्या नाही घेतलेल्या प्लॉटवर एका मास्तरांचं टाइल्स लावलेलं घर आहे. एसटीने त्या रस्त्याने जाताना बायको खिडकीबाहेर बघत नाही, माझ्याकडे बघते.

आताही ती बाहेर येऊन उभी राहिली. "तुमी कागद बघत ऱ्हायलात आन् प्लॉट गेला. आता हिचा पगार बी घालवा."

तिचं चुकत नव्हतं. चौदा हजारांच्या दराने तीन वर्षांचे पाच लाख चार हजार होतात. त्यात कॉलेजची फी मिळवली की नियमाने वागण्याचा खर्च बराच मोठा दिसत होता. मी तो आकडा मोठ्याने वाचून दाखवला, आणि खरं सांगायचं तर मीच डगमगलो. दादा म्हणतात तसं झालं तर? या देशात जे होतं ते पुष्कळदा दादा म्हणतात तसंच होतं.

मुलगी इतका वेळ फोनवर काही शोधत होती. ती म्हणाली, "मोठे बाबा, असं एकदा झालंय. दूरशिक्षणाने घेतलेल्या इंजिनिअरिंगच्या पदव्या होत्या. केस सुप्रीम कोर्टात गेली."

"बग!" दादांनी मांडीवर थाप मारली. "रेग्युलर केल्या का न्हाई?"

"स्थगित केल्या. आणि त्या लोकांना परत परीक्षेला बसवलं. डिग्री घेऊन बारा-पंधरा वर्षं झाली होती त्यांना. पास झाले तर डिग्री चालू, नाही तर गेली."

"म्हंजे रस्ता निघालाच ना."

"निघाला. त्यांची मुलं शाळेत जायला लागल्यावर." तिने फोन खाली ठेवला. "प्लॉट रेग्युलर होईपर्यंत त्याच्यावर पत्रे टाकून राहता येतं, मोठे बाबा. डिग्रीवर काय टाकू? परीक्षेच्या फॉर्मला तारीख असते. त्या तारखेला डिग्री चालते नाही तर नाही."

दादा माझ्याकडे वळून म्हणाले, "लय बोलायलीय रे ही. तुझ्यावर गेली."

"माझ्यावर गेली," बायको म्हणाली. "ते कुठं बोलतेत?"

मी विचारलं, "मग नोकरीचं?"

"सोडते," ती म्हणाली. "मालकांना विचारलं होतं मी. परत आल्यावर जागा ठेवतो असं काही म्हणाले नाहीत. हसले फक्त."



राहिला फीचा आकडा. तो मी दोन वर्षांपूर्वीच्या माहितीपत्रकावरून धरला होता. मुलीने सांगितलं की सरकारच्या केंद्रीय प्रवेश फेरीतून जागा मिळाली आणि घरचं उत्पन्न मर्यादेत बसलं तर मुलींना आता शिक्षण शुल्क माफ आहे. हे तिला आधीपासून माहीत होतं. "मग सांगितलं का नाहीस?" असं मी विचारलं, तर म्हणाली, "तुम्ही पगाराचाच आकडा परत परत वाचत होता. मला वाटलं तुम्हाला तोच हवाय." आठवडाभर मी ज्या बेरजेची तपासणी करत होतो तिच्यातली एक बाजू शून्य होती. जिनिंगमध्ये असं झालं असतं तर मी समोरच्याला सोडलं नसतं.

बुकिंगचे पैसे मागायला दादा स्वतः गेले. काउन्सेलरने तेवढ्याच नम्रपणे सांगितलं की परतावा नाही, पण रक्कम दुसऱ्या कोर्सला वळवता येते. दादा दहावी पास. ते आता वास्तुशास्त्राच्या ऑनलाइन सर्टिफिकेट कोर्सला आहेत. गिऱ्हाइकाला प्लॉटची दिशा सांगायला उपयोग होतो म्हणतात. याला मान्यता आहे का, असं मी विचारलं, तर म्हणाले, "गिऱ्हाईक मान्य करतंय. आजून कोण पायजे?"

दुसऱ्या फेरीत मुलीला नांदेडला जागा लागली. उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, डिप्लोमाच्या गुणपत्रिका, सगळ्याच्या तीन तीन प्रती मी नेल्या होत्या. खिडकीवरच्या बाईंनी एकेकच घेतली. कोर्सला मान्यता कोणत्या सालापासून आहे ते मी त्यांनाही विचारलं. मुलगी म्हणाली, "पप्पा, मागे रांग आहे." बाईंनी भिंतीकडे हात केला. मान्यतेचं पत्र तिथे लावलेलं होतं, शाखेच्या नावासकट. मी जाऊन वाचलं.

नंतर मेसच्या बाईंकडे गेलो. त्यांनी महिन्याचे आगाऊ मागितले. मी पावती विचारली. "पावती न्हाई भाऊ," त्या म्हणाल्या, "पोरीला विचारा रोज, जेवली का म्हणून."

अखेर दिले ते असे: महाविद्यालयाला शिक्षण शुल्क काही नाही, इतर शुल्क नऊ हजार तीनशे पन्नास रुपये, पावतीसह, आणि मेसच्या बाईंना तीन हजार दोनशे, रोख.