उन्हात ठेवलेली बॅटरी

मैत्रिणींनो, आज संध्याकाळी आमच्या पिंपळे सौदागरच्या सोसायटीत मुलांच्या रिमोटवरच्या गाड्यांची शर्यत होती. माझी नात सई महिनाभर तिची तयारी करत होती.

दुपारी आमच्या ह्यांनी, तेवढीच मदत म्हणून, तिच्या गाडीची लिथियम बॅटरी बाल्कनीत कडक उन्हात ठेवली. कासारवाडीच्या घरी आम्ही ट्रान्झिस्टरचे सेल असेच उन्हात ठेवायचो आणि ते आणखी थोडे दिवस चालायचे. ही बॅटरी मात्र उशीसारखी फुगली.

"पाच मिनिटांची तर शर्यत. लाव की," हे म्हणाले.

"नाही आबा. फुगलेली बॅटरी पेट घेते. तिथे लहान मुलं असतात." तिने ती अलगद वाळूच्या बादलीत ठेवली, बादली गच्चीवर नेली आणि मग डोळे पुसले.

खाली मित्रांनी चिडवलं, "घाबरलीस ना?"

"माझी बॅटरी फुगली," एवढंच ती म्हणाली. कुणामुळे, ते सांगितलं नाही. हे शेजारीच उभे होते आणि तिने त्यांचा हात धरला होता.

शर्यतीत न उतरलेल्या माझ्या नातीचा मला आज फार अभिमान वाटतोय. तुमच्याकडेही सेल उन्हात ठेवायचे का गं?