सावागुचीसान आणि घाटातली बस

माझ्या खानावळीत दोन प्रकारची माणसं येतात. काही जेवायला येतात, काही नुसतीच बसायला येतात. सावागुची तोकुजी मात्र वाचायला यायचे, आणि वाचता वाचता जेवणही उरकायचे.

हाचिनोहे बंदरात मासळीचा लिलाव होतो त्या शेडसमोर माझी खानावळ आहे. बोटींवरचे लोक समुद्रावर जाताना चित्रकथांची जाडजूड साप्ताहिकं घेऊन जातात आणि परत आले की माझ्याकडे टाकून देतात. माझा नवरा होता तेव्हा त्याने त्यांच्यासाठी भिंतीला फळ्या ठोकल्या. नवरा गेला, फळ्या राहिल्या. मी स्वतः चित्रकथेच्या वाटेला कधी गेले नाही. मासळीच्या वासाची ती रद्दी वर्षातून दोनदा सुतळीने बांधून रद्दीवाल्याला द्यायची, एवढाच माझा तिच्याशी संबंध. सावागुचीसान आधी येऊन तो गठ्ठा सोडायचे आणि त्यातलं हवं ते काढून घ्यायचे. सुतळी परत बांधायची मात्र विसरायचे.

बांगड्याचे डबे भरतात त्या कारखान्यात ते झाकणं बसवायच्या यंत्रावर होते. त्या यंत्राच्या आवाजाने त्यांचा डावा कान खाल्ला. म्हणून उजवा कान माझ्या चुलीकडे येईल अशी कोपऱ्यातली जागा त्यांनी धरली होती. निवृत्त झाल्यावर तर दुपारची गर्दी ओसरली की रोज तिथेच. सेम्बेइ-जिरु मागवायचे. कोंबडीच्या रश्श्यात गव्हाच्या कडक चकत्या मोडून घालतात, ते आमच्याकडचं कालवण. चकत्या अर्ध्यामुर्ध्या मऊ झाल्या की खायच्या असतात. यांचं डोकं पुस्तकात, आणि वाडग्यात लगदा. मी ओरडायचे, ते मान डोलवायचे आणि पान उलटायचे.

आवड कसली, तर अर्धवट राहिलेल्या चित्रकथांची. साप्ताहिकात वाचकांसाठी एक पोस्टकार्ड असतं. त्यावर आवडीच्या मालिका लिहून पाठवायच्या. ज्या मालिकेला मतं पडत नाहीत तिला संपादक एक दिवस नारळ देतात. बिचाऱ्या चित्रकाराला दोन-तीन आठवड्यांत गाशा गुंडाळावा लागतो, मग गोष्ट कुठे का पोचलेली असेना. सावागुचीसान दर आठवड्याला पोस्टकार्ड टाकायचे आणि नेमकं तळाला गेलेल्या मालिकेला मत द्यायचे. त्यांनी मत दिलं की ती मालिका बुडालीच. मी म्हणायचे, पनवती आहात तुम्ही, त्या चित्रकारांना कळलं तर बंदरात येऊन मारतील तुम्हाला.

त्यांच्या खास आवडीच्या तीन होत्या. एकीत एक म्हातारा आणि एक मुलगी जपानी बुद्धिबळाचा डाव मांडून बसलेत. मुलीने सोंगटी उचललीय, हात पटावर वर आहे, आणि गोष्ट थांबलीय. थंडीत सावागुचीसानचा खांदा दुखायला लागला की म्हणायचे, त्या पोरीचं काय होत असेल, इतकी वर्षं हात वर धरून बसलीय. दुसरी एका सार्वजनिक स्नानगृहाची. तिथला बंबवाला लाकडं आणायला म्हणून गेला तो गेलाच. पण सगळ्यांत लाडकी तिसरी, ‘उत्तरेकडची नऊ पोरं’. डोंगरातल्या एका शाळेचा बेसबॉलचा संघ, पोरं जेमतेम नऊ, एक आजारी पडला तर खेळायला माणूस नाही. आयुष्यातल्या पहिल्या मोठ्या सामन्याला बसने निघालेत. बस घाट चढतेय, खिडकीतून एकाने हात बाहेर काढलाय. तिथेच तिसरा भाग संपतो. चौथा निघालाच नाही.

ही बस मला तोंडपाठ झाली होती, कारण सावागुचीसान मला तिची रोजची खबर द्यायचे. आज धुकं आहे, ड्रायव्हरने गाडी बाजूला घेतलीय. आज एका पोराला उलटी झाली. आज समोरून ट्रक आला, मागे घ्यावी लागली. मी मासे भाजता भाजता म्हणायचे, उतरा म्हणावं त्यांना आणि चालत जा, एव्हाना पोचले असते. ते गंभीरपणे म्हणायचे, बॅटी आणि पिशव्या कोण उचलणार?

संपलेल्या चित्रकथा त्यांना अजिबात आवडत नसत. ‘पांढऱ्या म्यानाचा सोनजी’ नावाची एक तलवारबाजाची मालिका होती. तिचे भाग माझ्या फळीची अख्खी रांग अडवून बसलेत. सगळं बंदर तिच्यामागे वेडं होतं. शेवट एकदम गोड, वैऱ्यांचा समेट, सोनजीचं लग्न. शेवटचा भाग आला तेव्हा बोटींवरच्या दाढीवाल्या बाप्यांनी माझ्या टेबलांवर डोळे पुसले. सावागुचीसानने तो वाचून परत ठेवला आणि म्हणाले, “सगळे आपापल्या घरी गेले. आता मी तिथे काय करू?”

तेव्हा मी हसले होते. पण माणूस एकटा आहे, हे मला त्या दिवशी नीट कळलं. बंद पडलेल्या सलूनवरच्या दोन खोल्यांत राहायचे. आईवडील कधीच गेलेले, धाकटी बहीण लग्न होऊन कावासाकीला, नववर्षाचं कार्ड पाठवण्यापुरती. लग्नाचं म्हणाल तर एकदा मीच खटपट केली होती. माझी मावसबहीण हिदेयो विधवा होऊन परत आली होती. दोघांना कोपऱ्यात बसवलं, चहा दिला. हिदेयो भली बाई, तिने विचारलं, तुम्हाला काय आवडतं? झालं. या बाबाने बसची गोष्ट पहिल्या भागापासून काढली. चहा निवला, मी दुसरा दिला, तोही निवला. ती खरंच रंगून गेली होती. शेवटी म्हणाली, मग पुढे? हे म्हणाले, पुढे नाही, एवढीच आहे. हिदेयोने जाताना मला दाराशी सांगितलं की माणूस चांगला आहे, पण याच्याबरोबर मी कुठे पोचेन असं वाटत नाही. मला दोघांचाही राग आला.

मग लिलावात पुकारा करणारे कामाता वारले. आमच्याकडे दहनाआधी शवपेटीत माणसाच्या आवडीच्या वस्तू ठेवतात. त्यांच्या पोराने सिगारेटी ठेवल्या, थोडी साके दारू शिंपडली. सावागुचीसानने कामाताच्या आवडीचा जुगाराच्या चित्रकथेचा एक भाग आणला होता. तो ठेवला, तर अंत्यविधीचं काम बघणारे कुदो यांनी दोन्ही हातांनी अदबीने उचलून परत दिला. जाड पुस्तक धड जळत नाही, त्याची राख हाडांना चिकटते, अस्थी उचलताना घरच्यांना वाईट दिसतं. दोन-चार पानं फाडून ठेवा, ती चालतील, म्हणाले.

सावागुचीसानचा चेहरा उतरला. दुसऱ्या दिवशी वाडग्याला हातही लावला नाही. मी दोनदा विचारल्यावर बोलले.

“सेत्सुसान, माझ्या वेळी पेटीत पानं कोण ठेवणार?”

मी म्हटलं, जेवताना हे काय अभद्र. पण ते माझ्याकडे बघतच राहिले. मग मी फडकं आपटून म्हटलं, ठेवीन मी. आहे कोण दुसरं? कुठली ठेवायची ते मात्र आत्ताच सांगून ठेवा, मागाहून मला त्या ढिगात हुडकायला लावू नका.

तो अख्खा हिवाळा त्यांनी पानं निवडण्यात घालवला. कधी म्हणायचे, हात वर धरलेल्या मुलीचं पान. चार दिवसांनी म्हणायचे, नको. कधी बंबवाल्याचं. तेही नको. मला वाटायचं यात विचार करण्यासारखं काय आहे. एकदा न राहवून मीच म्हणाले, बसचंच न्या की, एवढा जीव आहे तुमचा तिच्यावर.

ते दचकलेच. “अजून पोचली नाही ती. रस्त्यात असलेली बस जाळायची?”

बाहेर बंदरावरचे पक्षी मांजरासारखे ओरडत होते, आणि हा साठी उलटलेला माणूस कागदावरच्या नऊ पोरांच्या काळजीने खरोखर पांढराफटक पडला होता. अशा माणसाला हसायचं तरी कसं?

बर्फ वितळायला लागलं तेव्हा त्यांचं पोट दुखायला लागलं, आणि दाखवलं तोवर उशीर झाला होता. मी थर्मासमध्ये रस्सा घेऊन इस्पितळात जायचे, चकत्या वेगळ्या पुडीत, म्हणजे तिथेच मोडून घालता येतील. पुढे पुढे रस्साच तेवढा जायचा. एक दिवस त्यांनी मला उजव्या बाजूला बोलावलं आणि म्हणाले, ठरलं. सोनजीचा शेवटचा भाग, त्यातली शेवटची दोन पानं.

मी चिडलेच. जी मालिका आयुष्यभर नावडती, तिची पानं? औषधांनी डोकं फिरलंय का तुमचं?

“ती संपलीय ना,” ते म्हणाले. “तिचं काही बिघडणार नाही. बाकीच्यांना तुमच्या फळीवर राहू द्या. रद्दीत देऊ नका.”

नाही देणार, म्हटलं. त्यानंतर ते फार दिवस राहिले नाहीत.

कावासाकीच्या बहिणीला मी फोन केला. तिचे गुडघे गेलेत, प्रवास झेपत नाही. फोनवर खूप रडली आणि म्हणाली, तुम्हाला योग्य वाटेल ते करा. पेटीपाशी मी आणि कुदो, दोघंच. भिक्षू येऊन मंत्र म्हणून गेले होते. मी पिशवीतून सोनजीचा शेवटचा भाग काढला. माझ्याच फळीवरचा, रश्श्याचे डाग पडलेला. पानं फाडायला म्हणून उघडला, आणि पहिल्यांदाच नीट बघितला.

दोन पानांवर मिळून एकच चित्र होतं. लग्नाची पंगत. लांबच लांब रांग, सगळे बसलेत, कुणी पितंय, कुणी गातंय, जुने वैरी एकमेकांना साके ओततायत. आणि रांगेच्या अगदी टोकाला, कोपऱ्यात, एक आसन रिकामं. समोर ताट वाढलेलं, वाडग्यातून वाफ निघतेय. एवढ्या बाप्यांनी हे पान बघून डोळे पुसले, पण त्या आसनाचं कुणी मला कधी बोललं नव्हतं.

कुदो माझ्या खांद्यावरून बघत होते. म्हणाले, “कुणीतरी यायचं राहिलंय वाटतं.”

मला तिथेच रडू फुटलं. नवऱ्याच्या वेळी मी चारचौघांत रडले नव्हते. कोपऱ्यातली जागा, वाफाळलेला वाडगा, हे सगळं मी त्या माणसाला रोज देत होते. पण बाजूच्या रांगेत बसलेली माणसं मला कुठून देता येणार होती?

मी पानं त्यांच्या छातीवर ठेवली. कुदोंनी ती चित्राची बाजू वर करून नीट लावली. मी परत उलटी केली, चित्र खाली, त्यांच्याकडे. कुदो मुकाट्याने बाजूला झाले. दहनानंतर अस्थी दोघांनी मिळून काठ्यांनी उचलायच्या असतात. दुसरं कुणी नव्हतं, म्हणून एका बाजूला मी आणि दुसऱ्या बाजूला तेच. सवय आहे, म्हणाले. हाडं स्वच्छ निघाली, कुठे राख चिकटली नव्हती.

सुतळी मी फेकून दिली. फळ्या आहेत तशा आहेत, सोनजीच्या रांगेच्या टोकाला बोटभर फट पडलीय, तेवढीच.

मागच्या आठवड्यात मात्र दुपारी गिऱ्हाईक नव्हतं, तर मी ‘उत्तरेकडची नऊ पोरं’ खाली काढली. उभ्याउभ्या चाळावी म्हटलं, आणि त्यांच्या कोपऱ्यात बसून तिन्ही भाग वाचून काढले. चुलीवर रस्सा आटला. घाट आला, खिडकीतून हात बाहेर आला, पुस्तक संपलं. बाहेर समुद्रावरून बर्फ यायला लागलं होतं. माझ्या मनात आलं, अशा हवेत ड्रायव्हर गाडी पुढे काढणार नाही, बस घाटातच थांबली असेल. मी मान वर करून सांगायला गेले. चुलीपाशी ऐकायला कोणी नव्हतं.