मागच्या पानाची अक्का

सर्व संबंधितांना अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, तमिळ मुलखातल्या आमच्या जुन्या मराठी राजवाड्यामागच्या गल्लीतली अक्का कुठलाही कागद शेवटच्या पानापासून वाचत असे. लग्नपत्रिका, औषधाबरोबरची चिठ्ठी, देवळातल्या उत्सवाचं पत्रक, सगळं उलटं. माझ्या लग्नाच्या पत्रिकेत तिने आधी जेवणाची वेळ पाहिली, मग नवरीचं नाव.

घरात मराठी बोलणारी ही बाई लिहायची मात्र तमिळ. ओरत्तनाडूच्या नोंदणी कचेरीबाहेर बसून तिने उभा जन्म लोकांचे दस्त लिहिले. "पहिल्या पानावर सगळेच नमस्कार करतात रे," ती मला म्हणे. "कोण काय घेऊन जाणार, ते मागच्या पानावर असतं."

बसणं थांबवल्यावरही माणसं कागद घेऊन घरी यायची. तशीच सेल्वी आली. ओरत्तनाडूजवळच्या खेड्यातली, चार गायींवर घर चालवणारी. गावाच्या गायरानावर एक कंपनी झाडं लावणार होती. दूरदेशीच्या कारखान्यांचा धूर ती झाडं गिळणार, त्याचे कार्बन क्रेडिट कंपनी त्याच कारखान्यांना विकणार आणि गावाच्या शाळेला नवे बाक मिळणार. ग्रामसभेचा ठराव तेवढा बाकी होता. करारनाम्याच्या पहिल्या पानावर हिरवंगार चित्र होतं. अक्काने ते अर्थातच पाहिलं नाही. मागच्या पानावर बारीक अक्षरांत लिहिलं होतं की, चाळीस वर्षं तिथे गुरं चारायला बंदी, आणि तिथल्या तळ्यातला गाळ काढायचा तरी कंपनीला विचारायचं. कारण काय, तर जमीन वापरात नाही. पुराव्याला ओसाड गायरानाचा फोटो.

फोटो खोटा नाही अम्मा, सेल्वी म्हणाली, पण मग माझ्या गायी मी कुठे नेऊ?

फोटो कधी काढला, एवढंच अक्काने विचारलं. भाताची कापणी झाल्यावर, असं कळताच ती फिल्टर कापीचा पेला खाली ठेवून हसत सुटली. कापणीनंतर आमच्याकडे गुरं कापलेल्या शेतांत सोडतात. तेवढेच दिवस गायरान मोकळं. शेतात भात उभा असला की अख्ख्या गावाची गुरं गायरानावर. पाहणीला आलेल्या कंपनीच्या साहेबांनी नेमके तेच मोकळे दिवस गाठले होते.

मी कोर्टाची भाषा सुरू केली. अक्काने मला गप्प केलं. "भांडायचं नाही. बोलवायचं." तिने एकच अर्ज लिहिला: सभा त्याच जमिनीवर घ्यावी, भात उभा असताना घ्यावी, आणि करारनामा साहेबांनी स्वतः मोठ्याने वाचावा. सेल्वीने दारोदार फिरून त्यावर सह्या आणि अंगठे घेतले. पंचायतीला नाही म्हणता आलं नाही.

अक्का गेल्या वर्षी गेली. गायरान गावाचंच राहिलं. त्या भागातली माणसं आता हातात कागद आला की आधी तो उलटा करतात, आणि साहेबलोक अस्वस्थ होतात. मला मात्र अक्का आठवते ती त्या सभेतली, ठेवणीतलं जरीचं लुगडं नेसून चिंचेखाली बसलेली. ठराव फेटाळायला साहेबांचं एकच वाक्य पुरलं. ते मी या कानांनी ऐकलं.

साहेब बूट सांभाळत, शेपट्या चुकवत आले. आजूबाजूला गावातल्या झाडून सगळ्या गायी, म्हशी, बकऱ्या. अक्काने अदबीने मागचं पान पुढे केलं. त्यांनी खणखणीत तमिळमध्ये वाचलं की सदर जमीन कुणाच्याही वापरात नाही. कुणी हसलं नाही. अक्काने तशी सक्त ताकीदच दिली होती.

"सरी सार, बरं," ती म्हणाली, "आता निवांत बसा, आणि आम्हाला नीट समजावून सांगा."

साहेबांनी सतरंजीकडे पाहिलं. तिच्यावर सेल्वीची गाय रवंथ करत बसली होती. उजवीकडे म्हशी, डावीकडे बकऱ्या, मागे शेणाचा ताजा पो. शेवटी वैतागून त्यांच्या तोंडून निघून गेलं,

"अहो, पण इथे बसायला जागा कुठे आहे?"