मामांचा वॉटर पोलो

जमिनीवर राहणं ही माणसानं नाइलाजानं पत्करलेली गैरसोय आहे, असं मनापासून मानणारा एकच माणूस मला आयुष्यात भेटला, आणि तो नेमका माझ्या बायकोचा मामा निघाला. मामा तंजावरच्या मराठी घरातले. चेन्नईच्या एका कॉलेजात पोहण्याचे आणि वॉटर पोलोचे कोच. मी साताऱ्याहून इथल्या अंबत्तूरच्या एका कारखान्यात नोकरीला आलो, इथेच लग्न ठरलं, आणि वेस्ट मांबलमच्या कार्यालयात बाकीची मंडळी अक्षता टाकून आशीर्वाद देत असताना या गृहस्थांनी पुढे येऊन माझे दोन्ही खांदे आंब्यासारखे दाबून पाहिले. "माप्पिळ्ळै," ते म्हणाले. तमिळमध्ये जावयाला असं म्हणतात. "खांदे बरे आहेत तुमचे. वाया कसाला घालविलां?" त्यांच्या त्या जुन्या, तमिळ हेल काढलेल्या मराठीत एवढं मायेनं विचारलं गेलं, की मला खरोखरच काहीतरी वाया गेल्यासारखं वाटलं.

मामा माणसं नावानं ओळखत नसत, श्वासानं ओळखत. 'तो धापा टाकणारा चुलत भाऊ', 'ती छाती भरून श्वास घेणारी सून' अशी त्यांच्या डोक्यात नातेवाइकांची वर्गवारी होती. आयुष्यभर तलावाच्या काठावरून ओरडल्यामुळे हळू बोलणं त्यांना जमायचंच नाही. ते मामींकडे मीठ मागत, तेव्हा खालच्या मजल्यावरचे लोक गॅलरीत येत. वॉटर पोलोत तळाला पाय टेकवायचा नसतो. दोन्ही पाय आलटून पालटून रवीसारखे घुसळत तरंगत राहायचं, आणि एका हातानं चेंडू खेळायचा. ही पायांची घुसळण त्यांच्या इतकी अंगवळणी पडली होती, की बँकेत, देवळात, कुठेही बसले की गुडघे आपोआप सुरू. एकदा बसमध्ये शेजारच्या बाईंनी घाबरून कंडक्टरला हाक मारली, तर मामा त्या दोघांनाही ताक करायच्या रवीचं उदाहरण देऊन वॉटर पोलो समजावत बसले आणि आमचा स्टॉप गेला.

एका उन्हाळ्यात शहराला पाणी नव्हतं. कॉलेजनं तलाव कोरडा केला, तरी मामा रोज पहाटे जातात हे ऐकून मी कुतूहलानं पाहायला गेलो. कोरड्या तलावाच्या तळाशी अख्खा संघ कँटीनच्या स्टुलांवर बसून हवेत पाय घुसळत होता, आणि छत्री घेऊन मामा वरून तमिळमध्ये गरजत होते, "पाय टेकला! बुडालास तू! चल, बाहेर हो!" बुडालेला मुलगा निमूटपणे शिडी चढून वर आला. मी हसलो. त्या मुलांपैकी कोणीच हसलं नाही, तेव्हा मीही आवरलं.

पाणी परत आलं त्या वर्षी मामांनी मुलींचा संघ काढायचं ठरवलं. गोलकीपर मिळेना. मग त्यांना कॉमर्सच्या वर्गाबाहेर एक मुलगी दिसली, उंच, लांब हातांची. एन्नोरच्या कोळीवाड्यातली. दारात समुद्र, पण तिला पोहता येत नव्हतं. थोरला भाऊ समुद्रात बुडून गेला होता, आणि तेव्हापासून बापानं तिला ओल्या वाळूतही उतरू दिलं नव्हतं. ती मात्र शिकायला तयार होती. "मला एकदा आत जाऊन बघायचंय," एवढंच ती म्हणाली.

बापाची परवानगी काढायला मामा निघाले. ते तिथे काय बोलतील या उत्सुकतेपोटी मी त्यांना स्कूटरवर घेऊन गेलो. वीजकेंद्राच्या धुराड्यांच्या सावलीत तिचा बाप जाळं दुरुस्त करत बसला होता. मामांनी श्वास, खांदे, गोलपोस्ट असं बरंच सांगितलं. तो ऐकत राहिला. मग म्हणाला, "सार, माझा मुलगा तुमच्यापेक्षा चांगला पोहायचा."

मामांचे घुसळणारे गुडघे थांबले. ते थांबलेले मी पहिल्यांदाच पाहत होतो. मग ते म्हणाले, आणि चक्क हळू आवाजात, "तुम्ही येऊन काठावर बसा. तुम्ही हात वर केलात की त्या क्षणी मी तिला बाहेर काढीन. का म्हणून विचारणार नाही."

बाप येऊ लागला. मासळी विकून, दोन बस बदलून यायचा आणि पायरीवर बसायचा. सुरुवातीला ती नुसता चेहरा पाण्यात घालायची, तरी त्याचा हात वर. मामा लगेच शिट्टी वाजवायचे, ती बाहेर. हळूहळू हात उशिरा उठू लागला, मग काही दिवस उठेनासाच झाला.

मग आंतरकॉलेज स्पर्धेच्या अंतिम सामन्याचा दिवस आला, गोलमध्ये तीच होती. आमच्या मुली एका गोलनं पुढे होत्या, वेळ संपत आली होती. गोलपोस्टसमोर झोंबाझोंबी झाली आणि ती पाण्याखाली गेली. वर यायला जरा वेळ लागला. आली, चेंडूही तिच्याच हातात होता. पण पायरीवर तिचा बाप उभा राहिला होता आणि त्याचा हात वर होता.

सगळे ओरडत होते, "सार, नको! सार!" मामांनी एकदा बापाकडे पाहिलं, आणि तिला बाहेर बोलावलं. बदली मुलीवर लागोपाठ दोन गोल झाले. सामना गेला. प्राचार्यांनी चारचौघांत विचारलं, "हे काय केलंत?" मामा म्हणाले, "शब्द दिलेला होता." ती टॉवेल गुंडाळून रडत होती, आणि मामा तिच्या शेजारी बसून राहिले.

मला वाटलं, आता संपलं. पुढच्या रविवारी मी मुद्दाम गेलो. बाप आला होता. पायरीवर बसला होता, दोन्ही हात मांडीखाली घट्ट दाबून. सराव संपेपर्यंत त्यानं ते काढले नाहीत.

आता मामा निवृत्त झालेत. ती मुलगी एन्नोरजवळच्या एका शाळेत नोकरीला आहे आणि सुट्टीत कोळीवाड्यातल्या पोरींना पोहायला शिकवते. तिच्या बापाचं आणि मामांचं काहीतरी जमलंय. फार बोलत नाहीत, पण मामा अधूनमधून तिकडे जाऊन बसतात. परवा त्यानं त्यांच्या हातात ताजा वंजर मासा, म्हणजे आपली सुरमई, दिला. मामा जन्माचे शाकाहारी, पण त्यांनी तो दोन्ही हातांनी घेतला, कागदात गुंडाळून लोकलनं मांबलमपर्यंत आणला. मामींनी उंबरठ्याबाहेरच अडवलं, तेव्हा माझ्या दारात येऊन उभे राहिले. "माप्पिळ्ळै, तुम्ही साताऱ्याचे. तुम्हांस चालतें."

बायकोनं स्वयंपाकघरात येऊ दिलं नाही. मी गॅलरीत शेगडी लावून तुकडे तळले. मामा वासानं कासावीस झाले होते, तरी तोंड रस्त्याकडे करून खुर्चीवर बसून राहिले. माझा शेवटचा घास होईपर्यंत हलले नाहीत.

"कसं आहे?" त्यांनी न वळता विचारलं.

"फार छान आहे, मामा."

"खरंच?"

"खरंच."

"मग त्यास सांगतों," ते म्हणाले, "छान होतं म्हणून." आणि कितीतरी वेळ तसेच खालच्या रस्त्याकडे पाहत राहिले.