मामंजींची शेवटची बदली

आमचे मामंजी देवळात गेले की आधी नमस्कार करत नसत. आधी गाभाऱ्याच्या लोखंडी जाळीचं कुलूप मुठीत धरून त्याला दोन हिसके देत, आणि ते घट्ट लागलेलं आहे अशी खात्री पटली की मगच हात जोडत. गर्दी सोसत नाही म्हणून ते मुरलीधराच्या देवळात भर दुपारी, देऊळ बंद असतानाच जात. पुजाऱ्यानं एकदा न राहवून विचारलं, "जेलरसाहेब, देव काय पळून जातोय का?" मामंजी म्हणाले, "याचं मागचं रेकॉर्ड तुम्हाला ठाऊक नाही. मथुरेहून एकदा निसटलेला आहे."

मामंजी म्हणजे माझे सासरे. उभा जन्म तुरुंग खात्यात काढून ते ठाण्याला जेलर म्हणून निवृत्त झाले आणि डोंबिवलीत कौलारू घर बांधून राहिले. तेव्हाची डोंबिवली म्हणजे एक स्टेशन, चार विहिरी, बाकी भातशेती आणि पेन्शनर. माझं माहेर कल्याणचं, पारनाक्यावरचं. स्थळ आलं तेव्हा माझी आई म्हणाली होती, "मुलगा चांगला आहे हो, पण सासऱ्याचं सगळं आयुष्य तुरुंगात गेलंय." लग्न होऊन आले तर घरातल्या सतरंज्या कैद्यांनी विणलेल्या, खुर्च्या कैद्यांनी केलेल्या, आणि आमटी कशी असावी याबद्दलची मामंजींची मतंसुद्धा तुरुंगातल्या भटारखान्यातून आलेली. सासूबाई त्या आमटीचं नाव काढलं तरी पळी आपटत.

त्यांच्याकडे जुनी माणसं भेटायला येत. कुणी परसातला भोपळा घेऊन येई, कुणी मुलीच्या लग्नाचं आमंत्रण. मामंजी त्यांची ओळख कलमानं करून देत. "सूनबाई, हे तीनशे ऐंशी. चहात साखर जास्त घाल." म्हणजे राहत्या घरातली चोरी. पाहुणाही संकोचून हसे आणि मला "नमस्कार वहिनी" म्हणे. ही सवय त्यांनी देवांपर्यंत नेली होती. लोणी चोरलं म्हणून कृष्ण तीनशे ऐंशी, वालीला झाडाआडून मारला म्हणून राम तीनशे दोन. इंद्राचं कलम ते सुनेसमोर सांगत नसत. "आणि हे सगळे आपल्याला शिक्षा देणार!" असं म्हणून ते सुपारी कातरायला घेत.

हे ऐकून कुणाला वाटेल, माणूस नुसताच वाह्यात होता. तसं नव्हतं. माझ्या नवऱ्याला एक मोठा भाऊ होता, वसंता. माझ्या लग्नाच्या आधी, मंडळी ठाण्याला असताना, त्यानं खाडीत जीव दिला होता. मॅट्रिकला दुसऱ्यांदा नापास झाला हे एक कारण सगळे सांगत. मामंजी त्याला घालूनपाडून बोलले होते हे दुसरं कारण कुणी सांगत नसे. घरात त्याचा फोटो नव्हता, पण श्रावणापासून पितृपक्षापर्यंत सासूबाईंचा एकही दिवस उपास-तापासाशिवाय जात नसे. त्या देवाकडे काय मागत असतील हे विचारायची कुणाला गरज नव्हती.

एका चातुर्मासात देशावरून एक कीर्तनकार बुवा आले. आवाज खडा, अंगावर शाल, आणि विषय नरक. रोज संध्याकाळी एकेक नरक ते असा काही उभा करत, की बायका घरी जाऊन कढईत पुरी टाकायलाही कचरत. मी सासूबाईंबरोबर जात असे. एके दिवशी कीर्तन संपल्यावर सासूबाई बुवांच्या पाया पडल्या आणि अगदी हळू विचारलं, "स्वतःच स्वतःचा जीव दिला असेल, तर त्याचं काय होतं?" बुवांना बिचाऱ्यांना काय ठाऊक. ते ताटातले तांदूळ पंच्यात बांधता बांधता म्हणाले, "त्याला चंद्र-सूर्य असेतो सुटका नाही, बाई."

घरी येताना सासूबाई माझ्यापुढे झपझप चालत राहिल्या. रात्री पानावर बसल्या आणि भाताची मूद बाजूला सारली. "तो तिकडे जळतोय, आणि मी इकडे वरणभात कालवू?" त्या दिवसापासून त्यांनी भात सोडला. आमच्यासारख्या भातखाऊ घरात भात सोडायचा म्हणजे जेवणच सोडायचं. एक वेळ भाकरीचा तुकडा आणि ताक, एवढ्यावर ती बाई राहू लागली. आठवडाभरात त्यांच्या बांगड्या कोपरापर्यंत चढायला लागल्या. मामंजी रोज पानाकडे बघत आणि हात धुवायला उठत. मला भीती वाटे, की ही बाई अशानं जायची.

मग एका संध्याकाळी मामंजी कोट-टोपी घालून कीर्तनाला आले. देऊळ उघडं असताना त्यांना आत पाहून पुजारी दचकला. पूर्वरंग संपतो न संपतो तोच ते उभे राहिले.

"बुवा, एक शंका आहे. तुमच्या नरकाचा सुपरिटेंडेंट कोण?"

"यमधर्म," बुवा सावधपणे म्हणाले.

"आणि वॉर्डर?"

"यमदूत."

"त्यांना रजा, पेन्शन काही आहे? चंद्र-सूर्य असेतो पहारा करायचा म्हणजे गंमत नाही." पुरुषांच्या बाजूला खसखस पिकली. "बरं, उकळत्या तेलाच्या कढया म्हणालात. अहो, इथं रेशनच्या रांगेत उभं राहून आमच्या बाटलीचा तळ भिजत नाही, आणि तिकडे पाप्यांना कढया भरभरून?"

"जेलरसाहेब, ही चेष्टेची जागा नव्हे."

"मी चेष्टा करतच नाही. एका माणसाला रोज मारणं दुसऱ्या माणसाला जमत नाही, हे मी उभ्या जन्मात पाहिलंय. नवा वॉर्डर पहिल्या वर्षी कैद्यावर डोळे वटारतो. पाचव्या वर्षी त्याच्याचकडून मुलीच्या स्थळाबद्दल सल्ला घेतो. तुमचे यमदूत काय दगडाचे आहेत? एव्हाना त्यांनी पाप्यांबरोबर पत्ते मांडले असतील."

आता देऊळ मोकळेपणानं हसायला लागलं होतं. मामंजींचा आवाज मात्र खाली आला. "जीव द्यायला गेला आणि वाचला, तर त्याला इंग्रजानं कलम ठेवलंय, तीनशे नऊ. जास्तीत जास्त एक वर्ष. तीही साधी कैद, चक्की नाही. आणि जीव गेलाच, तर खटलाच नाही. गेला बिचारा, म्हणून फाइल बंद. हा परका, टोपीवाला इंग्रज! आणि तुमचा दयाघन देव त्याच पोराला चंद्र-सूर्य असेतो तळणार? मग इंग्रजाला आपण उगीच घालवला. त्याला वरच पाठवायला हवा होता."

लोक हसले, पण अर्ध्यावर थांबले, कारण 'पोराला' म्हणजे कुणाच्या पोराला हे सगळ्यांना कळलं. बुवा खाली बघून झांजांची दोरी सारखी करायला लागले. बायकांच्या बाजूला सासूबाई उठल्या, पदर ओढून घेतला आणि देवळाबाहेर पडल्या. मी मागोमाग धावले. घरी त्या एकच वाक्य बोलल्या, "चारचौघांत माझ्या लेकराचं कलम काढलंत." त्यानंतर त्यांनी मामंजींशी बोलणं टाकलं. मामंजींनी देऊळ जिंकलं होतं आणि घर घालवलं होतं.

गोकुळाष्टमी हा मामंजींच्या मते तुरुंग खात्याचा सण. दर वर्षी ते सांगत, "पहारेकरी झोपले, बेड्या गळून पडल्या, दारं उघडी आणि कैदी टोपलीतून पसार. पण चौकशी नाही, कुणाची बढती अडली नाही. असं नशीब आमचं कुठलं!" त्या वर्षी ते काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी दुपारी मी काल्यासाठी पोह्यांत दही कालवत होते, सासूबाई लिंबाचं लोणचं काढत होत्या. मामंजी स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले. एरवी ते तिकडे फिरकत नसत.

"अगं, ऐक," ते म्हणाले. "हा देव कोठडीत जन्मलेला आहे. कोंडणं म्हणजे काय हे त्याला आईच्या पोटापासून ठाऊक. तो आपल्या वसूला कायमचा कोंडून ठेवील?"

इतक्या दिवसांनी सासूबाई त्यांच्याशी बोलल्या. "तुमच्या कमरेला जन्मभर किल्ल्या होत्या. तुम्हीही काही दुष्ट नव्हतात. कैद्यांच्या आयांना तुम्ही पत्रं लिहिलीत, त्यांच्या पोरींची लग्नं जमवलीत. पण एकाला तरी सोडलंत?"

माझा हात दह्यातच राहिला.

"नाही," मामंजी म्हणाले.

"मग त्यानं का सोडावं?"

मामंजी उंबऱ्यावरच बसले. उंबऱ्यावर बसायचं नाही हा सासूबाईंचा नियम, पण त्या दिवशी त्यांनी तो मोडू दिला. मामंजी म्हणाले, "मी पगारी माणूस होतो गं. माझ्याकडे किल्ली होती, हुकूम नव्हता. कितीदा एखाद्याकडे बघून वाटलं, जा बाबा घरी. पण हुकूम नव्हता. वसूला त्या दिवशी बोललो, तोही जेलरच बोलला. बाप बोलला असता तर..." मग म्हणाले, "ज्याची किल्लीही स्वतःची आणि हुकूमही स्वतःचा, तोसुद्धा माझ्यासारखाच निघायचा असेल, तर देव हवा कशाला? जेलर आहेच की घरात."

सासूबाईंनी काल्याचा एक घास त्यांच्या हातावर ठेवला आणि एक स्वतःच्या तोंडात घातला. पोहे तांदळाचेच असतात हे तिथल्या तिघांनाही ठाऊक होतं. सासूबाई पुन्हा लोणचं काढायला लागल्या. मी मात्र दह्याचा हात तसाच घेऊन परसात गेले आणि रडले.

त्यानंतर सासूबाई दोन वेळा जेवू लागल्या. भाताला मात्र हात लावला नाही तो नाहीच. मधूनच त्या विचारत, "तिथं त्याला कुणी ओळखीचं असेल का हो?" आणि मामंजी वर्तमानपत्रातून मान वर न काढता म्हणत, "मी जातोय ना." पुढे पुढे हे त्यांचं पालुपदच झालं. सरकारी नोकरीत जन्म गेल्यामुळे मरणाला ते बदली म्हणत. "माझी पुढची बदली नरकात. मागून घेतलेली आहे." मी म्हणे, "मामंजी, तिन्हीसांजेला कसलं बोलता!" तर म्हणत, "स्वर्गात माझं काय काम, सूनबाई? तिथं कुलपंच नाहीत. नरकात अनुभवी माणूस लागतो. गेल्या गेल्या वसूला भटारखान्यात लावतो, तिथं मार कमी असतो. मग चांगल्या वर्तणुकीचा शेरा. बाकीचं मी बघतो." बदली पक्की व्हावी म्हणून त्यांनी एकादशीला कांदाभजी खायला सुरुवात केली. "एवढ्यानं नरक मिळत नाही," ते खंतावून म्हणत, "पण अर्जात तेवढीच भर." त्या भज्यांना बेसन भिजवून देत सासूबाईच.

पौषातल्या एका सकाळी त्यांनी मागच्या दाराची कडी हलवून पाहिली, कैद्यांनी केलेल्या आपल्या खुर्चीत बसले, आणि मी चहा घेऊन गेले तोवर संपलेले होते. भटजींनी रिवाजाप्रमाणे विचारलं, गरुडपुराण वाचायला कुणाला सांगायचं? सासूबाई म्हणाल्या, "नको. ते आता प्रत्यक्षच बघतील. आपण कशाला वाचायचं?" भटजींना वाटलं, दुःखानं बाईंचं डोकं फिरलंय.

चौदाव्या दिवशी सगळे विधी होत आले. भटजींनी माझ्या नवऱ्याच्या ओंजळीत पाणी घातलं आणि म्हणाले, "मनात आणा, वडिलांना स्वर्गलोक प्राप्त होवो."

"थांबा," स्वयंपाकघराच्या दारातून सासूबाई म्हणाल्या. "स्वर्ग नको."

ओंजळीतलं पाणी ठिबकायला लागलं. भटजी गोंधळून माझ्याकडे बघायला लागले.

"त्यांनी मागून घेतलंय ते ठिकाण," सासूबाई म्हणाल्या. "तिथं पोरगं वाट बघतंय. त्यांना आडवाटेला लावू नका."

माझ्या नवऱ्यानं मान खाली घातली आणि पाणी सोडलं. भटजींनी कुठल्याही लोकाचं नाव न घेता पुढचा मंत्र म्हटला. पंगत बसली. सासूबाई पानावर येऊन बसल्या, समोर वाढलेली भाकरी त्यांनी उचलून माझ्या हातात दिली आणि म्हणाल्या, "एव्हाना पोचले असतील. मला भात वाढ."