आमच्या वावरातले इंग्रज आणि फ्रेंच

पोरगा आवडला म्हणून मी अर्थशास्त्राचा इतिहास मन लावून वाचला, हे आता सांगायला हरकत नाही. मेहकरच्या कॉलेजात एम.ए.ला तो माझ्याच वर्गात, आणि आम्हा दोघांना मिळून एक सेमिनार होता. सरांनी त्याला इंग्लंडचे अर्थशास्त्रज्ञ दिले आणि मला फ्रान्सचे. त्या दिवसापासून तो माझ्यासाठी इंग्रज आणि मी त्याच्यासाठी फ्रेंच.

भांडायला भरपूर होतं. त्याचे इंग्रज म्हणायचे, वस्तूची किंमत तिच्यासाठी केलेल्या मेहनतीवर ठरते. माझे फ्रेंच म्हणायचे, ती कुणाला तरी हवी असावी लागते, नाहीतर मेहनत पाण्यात. गंमत म्हणजे या मंडळींचं एकमेकांकडे चांगलं जाणं-येणं होतं. विलायतेचे आद्य गुरू फ्रान्समध्ये जाऊन तिथल्या पंडितांशी गप्पा मारून आले. पुढे एका फ्रेंचाने त्या गुरूचंच पुस्तक आपल्या लोकांना नीट मांडून शिकवलं, आणि शिकवता शिकवता मेहनतीचा मुद्दा हळूच बाजूला सारला. स्टँडवर माझ्या गावची, उंद्रीची गाडी यायची, निघून जायची, आमचं संपायचं नाही.

लग्न करायचं आमचं ठरलं, पण अडचण घरात होती. माझे बाबा उंद्रीचे शेतकरी, आणि एकही पान न वाचता सगळ्यात जुन्या फ्रेंचांपैकी. त्या जुन्यांचं मत असं, की नवी संपत्ती फक्त जमीन देते. व्यापारी आणि कारागीर वांझ. पोराचं घर संग्रामपूरचं, कापडाचं दुकान, वावर म्हणजे शेत नावालाही नाही.

"दुकानदार काय पिकवते?" बाबा म्हणाले. "इकडचं तिकडं करते फक्त."

माझ्याच सेमिनारमधलं वाक्य माझ्याच लग्नाला आडवं आलं होतं. तरी बाबांनी त्याला आणि त्याच्या घरच्यांना वावरात रोडगे खायला बोलावलं. चार घास सोबत खाऊ, मंग पाहू, म्हणाले.

रोडगे म्हणजे कणकेचे थर दिलेले गोळे. गोवऱ्यांच्या विस्तवात भाजायचे, वरून राख ओढायची, वेळेवर फिरवायचे. बाबांनी मुद्दाम ते काम त्याच्याकडे दिलं, दुकानदाराचे हात पाहायचे होते. मी परात घेऊन मदतीला गेले आणि तिथेच घोळ झाला.

"पाह्य," तो म्हणाला, "या रोडग्याची किंमत माह्या घामात हाय."

"खाणारा उपाशी नसला तं तुह्या घामाले कोण विचारते?"

झालं. तो इंग्लंड सोडेना, मी फ्रान्स सोडेना. हसून हसून माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते धुराचंही होतं हे माझ्या लक्षातच आलं नाही. धूर बाबांनी आधी पाहिला.

राखेतून रोडगे निघाले ते काळेठिक्कर. पंगत बसलेली, वांग्याची भाजी वाढलेली, तूप पातळ केलेलं. त्याची आई तोंडाला पदर लावून बसलेली. बाबांनी एक रोडगा फोडला, आतूनही करपलेला पाहिला आणि बाजूला ठेवला. एवढी मेहनत, आणि घ्यायला कुणी नाही. वाद मी जिंकले होते आणि मला रडू येत होतं.

मग त्याने तोच रोडगा उचलून आपल्या ताटात घेतला, वर तूप ओतलं आणि खायला लागला.

"काऊन बाप्पा," बाबा म्हणाले, "जळकं काऊन खाऊन राह्यला?"

"मले पायजे, काकाजी."

बोलला बाबांशी, बघत होता माझ्याकडे. भर पंगतीत इंग्रजाने देश बदलला. मी इतकी हरखले, की ज्यांच्या ताटात भाजी होती त्यांनाही पुन्हा भाजी वाढत सुटले. कुणीतरी हातच आडवा धरला तेव्हा थांबले.

 मग बाबांनी एक काळा रोडगा घेतला, वरचं करपलेलं खरवडलं आणि त्या पोराच्या शेजारी येऊन बसले.

"पुढच्या वर्षी विस्तवापाशी मी बसतो," ते म्हणाले. "तुम्ही दोघं तिकडं दूर बसून भांडा."