कडी नसलेलं दार

गिरजामावशीच्या दाराला कडी नव्हती. आर्णीत आम्ही तिच्या शेजारी राहायला गेलो, त्या पहिल्याच आठवड्यात मी न राहवून विचारलं, "मावशी, घर असं उघडं टाकून शेतात निंदायला जाता, भीती नाही वाटत?"

ती हसली. "चोरन्यासारखं काय हाये बाई घरात? भाकर. ते त मी न मांगताच देऊन राह्यली."

खोटं नव्हतं. गल्लीतली पोरं, चुकलेला वाटसरू, कुणीही तिच्या घरात शिरायचं आणि खाऊन बाहेर पडायचं. तिची शेळीही त्याच दारातून सुटून माझी तुळस फस्त करायची, त्यामुळे या मोकळ्याढाकळ्या कारभाराचा मला रागच होता.

तिचा एकुलता एक मुलगा सुधाकर राळेगावकडे मजुरी करायचा. बायको बाळंतपणात गेली आणि हा दारूत बुडाला. लहानग्या लेकीला, श्रेयाला, खोलीत कोंडून बाहेर पडायचा. मावशीनं एकदा नातीला आर्णीला आणलं होतं. आठवड्याच्या आत सुधाकर आला, आईच्या हातचं पोटभर जेवला आणि ती चुलीपाशी असताना पोरीला उचलून घेऊन गेला. पुढे एकदा तो पोरीला कुलपात ठेवून गेला तो परतलाच नाही. शेजाऱ्यांनी कुलूप तोडलं, तेव्हा ती डब्यातलं कोरडं पीठ चाटत होती.

पोलिसांनी तिला यवतमाळच्या बालगृहात नेलं. बालकल्याण समितीनं सुधाकरला नोटिसा धाडल्या, सुधारायला वेळ दिला. तो एकदाच आला, तोही झोकांड्या खात. मग समितीनं मावशीला बोलावलं. आजी सांभाळणार असेल तर पोर तिच्याकडे, नाहीतर बापाचा हक्क संपवून पोर दत्तक द्यायची, असा प्रश्न होता. सोबतीला मी गेले. एसटीत मावशीच्या मांडीवर नवा फ्रॉक होता. पोरीला घेऊनच परतायचं, हे मी गृहीत धरलं होतं.

"आजी, नातीला सांभाळाल ना?" समितीच्या मॅडमनी विचारलं.

"नाही," मावशी म्हणाली.

मी चमकून तिच्याकडे बघितलं.

"मॅडम, जीव लावाले मी कमी नाही पडनार. पन तो आला त मी त्याले हाकलू शकत नाही. माय हाये मी त्याची. तो उपाशी दिसला का माह्या हातानं ताट वाढलंच जाते. अन् मी भाकर टाकत राहीन, तवा तो पोरीले घेऊन जाईन. मांगं गेलता तसाच. माह्या दाराले कडी नाही, अन् मले ते लावता येत नाही. पोरीले कडीवाल्या घरी द्या."

मॅडमनी हळूच समजावलं, एकदा दत्तक गेली की भेट नाही, नव्या घराचा पत्ताही कळणार नाही.

"बरंच हाये ते. कळला त मीच त्याले सांगून टाकीन."

तिथंच तिनं नातीला फ्रॉक घातला, केस विंचरले. "आता रोज जेवशीन बरं माय," एवढंच म्हणाली. बाहेर येऊन मात्र ती फाटकाशी फतकल मारून बसली आणि ओक्साबोक्शी रडली. मी तिच्याशेजारी बसले, पण तिच्या पाठीवर हात ठेवायचीही माझी हिंमत होईना. आपली माया कुठे घात करील हे ओळखून, ते चारचौघांत सांगून, नातीला असं सोडून देणारं माणूस मी दुसरं पाहिलेलं नाही.

मावशी गेल्या वर्षी वारली. तिची आठवण निघाली की मला एक संध्याकाळ आठवते. समितीचा आदेश होऊन गेला होता. सुधाकरला कुठून तरी कळलं आणि तो गल्लीभर ओरडत आला. "माही पोरगी कुठं हाये?"

मी मावशीला आधीच पढवून ठेवलं होतं, सरकारनं नेली म्हणा, म्हणजे तुमच्यावर काही येणार नाही. भिंतीला कान लावून, पोलिसांना फोन करायच्या तयारीत मी उभी होते.

"कोनं नेली? सरकारनं?" तो किंचाळला.

"सरकारनं नाही," मावशीचा आवाज आला. "म्या देल्ली."

मग ताट ठेवल्याचा आवाज झाला.

"बस. जेव."